पांढरा सील आणि न दिसलेला समुद्र

आठवीच्या वर्गात गोष्ट वाचून दाखवत होतो. गोष्टीतल्या आईचे नाव आले, 'मात्का'. मागच्या बाकावरून कोणीतरी ते 'मटका' असे ऐकले आणि पुढची पाच मिनिटे वाचन थांबले. हसू ओसरल्यावर आम्ही सांगितले की हे काही खास ठेवलेले नाव नाही, रशियन भाषेत प्राण्याच्या मादीला, आईला 'मात्का' म्हणतात. मग एका मुलाने विचारले, "म्हणजे आपण गोष्टीत गाईचं नाव 'मादी' ठेवावं, तसंच ना?" अगदी तसेच! गोष्टीचा नायक 'कोटिक', म्हणजे रशियन भाषेत हा सीलच. त्याचा बाप 'सी-कॅच', म्हणजे मूळ 'सेकाच', वयात आलेला दांडगा नर. लेखकाने सामान्यनामांची विशेषनामे केली आहेत.

ही गोष्ट म्हणजे रुडयार्ड किपलिंगची 'द व्हाइट सील'. १८९४ साली आलेल्या 'द जंगल बुक'मधली ही एक कथा. जंगल बुक म्हटले की आपल्याकडे मोगली आठवतो. १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागली तेव्हा रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत. पण त्याच पुस्तकात जंगलाशी काहीही संबंध नसलेली, उत्तरेकडच्या बेरिंग समुद्रातली ही कथा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. किपलिंगचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५चा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. म्हणजे माणूस तसा आपल्याच किनाऱ्यावर जन्मलेला. कथा मात्र त्याने अमेरिकेत राहत असताना लिहिली.

आम्ही दोघे बोईसर-तारापूर भागातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो, एक विज्ञान आणि एक इंग्रजी. सस्तन प्राणी शिकवताना देवमासा, डॉल्फिन, सील ही नावे एका दमात उरकली जातात, आणि मुलांच्या मनात ते तिन्ही 'मोठे मासे' म्हणूनच राहतात. म्हणून ही गोष्ट घ्यायचे ठरवले. विज्ञानाच्या तासाला गोष्ट वापरायची तर तिचे विज्ञान तपासून घ्यावे लागते. ते तपासताना जे हाती आले ते इथे मांडत आहोत. कथा चांगली आहे, वर्गात वाचावी अशीच आहे. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती उणीव आपल्या शिकवण्यातही आहे असे आमचे मत झाले.

गोष्ट थोडक्यात अशी. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावर दर उन्हाळ्यात लाखो सील येतात. नर किनाऱ्यावरच्या जागेसाठी झुंजतात. तिथे कोटिक हे पांढरे पिल्लू जन्मते. आईबरोबर ते समुद्रात सहा महिने हिंडते, परत येते, आणि शिकारी लोक तरुण सीलांना हाकत नेऊन सोट्यांनी मारताना पाहते. ते हादरते. माणूस जिथे येत नाही असा किनारा शोधण्यासाठी पाच वर्षे साऱ्या समुद्रांवर भटकते. शेवटी समुद्रगाई त्याला पाण्याखालच्या एका भुयारातून तसा किनारा दाखवतात. परत येऊन कोटिक आपल्याच भाईबंदांशी लढतो, त्यांना नमवतो आणि नव्या किनाऱ्यावर घेऊन जातो.

जे बरोबर आहे

आधी श्रेय द्यायला हवे. किपलिंग त्या बेटांवर गेलेला नव्हता. हेन्री वुड एलियट हा चित्रकार-निसर्गअभ्यासक १८७२ पासून तिथे जाऊन सीलांची चित्रे आणि नोंदी करत होता, आणि कथेतला तपशील त्याच्या लेखनावर आधारलेला आहे. त्यामुळे किनाऱ्यावरचे चित्र आश्चर्य वाटावे इतके खरे उतरले आहे.

हा प्राणी म्हणजे उत्तरेकडचा फर-सील, शास्त्रीय नाव कॅलोऱ्हायनस अर्सायनस. याला बाहेरून दिसणारे इवलेसे कान असतात आणि तो मागचे पाय पुढे वळवून जमिनीवर चालू शकतो. खऱ्या सीलांना, म्हणजे कान नसलेल्या सीलांना, हे जमत नाही. ते पोटावर सरपटतात. नर मे महिन्यात येतो, जागा धरतो, आणि ती जाऊ नये म्हणून दोन-दोन महिने तोंडात घास न घालता तिथेच ठाण मांडून बसतो. मादीच्या चार-पाच पट वजन तो उगाच बाळगत नाही. साठवलेल्या चरबीवरच त्याचा उपास निभतो. (कथेतला बाप सुमारे सातशे पौंडांचा, म्हणजे ३१५ किलोंच्या पुढचा दाखवला आहे. इतका भरत नाही, पण गोष्टीतल्या बापाला एवढे माफ.) ज्यांना अजून जागा मिळवता येत नाही असे दोन ते चार वर्षांचे तरुण नर वेगळे, आतल्या बाजूला जमतात. हेही कथेत आहे, आणि शिकारी याच तरुणांना का हाकत नेत हेही त्यावरून कळते. ते वेगळे असत, बापांच्या झुंजीत न शिरता त्यांना बाजूला काढता येई.

सर्वांत सुंदर तपशील आईचा. मात्का समुद्रावर जाते, पिल्लाला दोन दिवसांतून एकदाच दूध मिळते. परत आल्यावर ती मेंढीसारखी हाक देते, हजारो पिल्लांच्या कोलाहलात कोटिकचे उत्तर ओळखते आणि मधल्या पोरांना उलथेपालथे करत सरळ त्याच्याकडे जाते. हे शब्दशः खरे आहे. खरी आई तर आणखी जास्त दिवस, कधी आठवडाभरही, समुद्रावर असते आणि मग दिवस-दोन दिवस किनाऱ्यावर राहून पाजते. आवाजाची ओळख किती टिकते हे स्टीफन इन्स्ली या संशोधकाने तपासले. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून त्यांनी २००० साली दाखवून दिले की चार वर्षांनंतरही आई आणि तिचे अपत्य एकमेकांचा आवाज ओळखतात. वर्गात हे सांगितल्यावर शांतता झाली. आईची हाक गर्दीत ओळखणे हा प्रत्येक मुलाचा अनुभव आहे, यात्रेतला किंवा विरारच्या फलाटावरचा.

समुद्रगाईला बोलता येत नाही, कारण तिच्या मानेत सातऐवजी सहाच मणके आहेत, अशी एक गंमत कथेत आहे. बोलण्याचे कारण अर्थातच काल्पनिक. पण उंदरापासून जिराफापर्यंत जवळपास सर्व सस्तन प्राण्यांना मानेचे मणके सातच असतात आणि समुद्रगाईंच्या कुळातल्या मॅनाटीला सहा असतात, हे खरे आहे. त्याच गणातला डुगाँग भारतात कच्छच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि अंदमानात आहे. त्याला मात्र सातच. बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये विज्ञानाला माहीत झाली आणि १७६८ पर्यंत शिकारीने संपलीसुद्धा. म्हणजे कोटिकला सुरक्षित किनारा दाखवणारे प्राणी कथा लिहिली गेली तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. हे लेखकाने जाणून केले असेल तर त्यातली वेदना फार खोल आहे. आम्हाला मात्र तशी खूण कथेत सापडली नाही.

एक चूकही सांगून टाकू. कथेतल्या वॉलरसचे नाव 'सी-विच' आहे. मूळ रशियन शब्द 'सिवूच', आणि त्याचा अर्थ वॉलरस नव्हे, सागरी सिंह! ही क्षुल्लक चूक. याहून खटकते ते दुसरे. शिकार करणारे अल्यूट लोक अस्वच्छ असतात असा शेरा लेखक जाता जाता मारून जातो. या लोकांना रशियन व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकात त्यांच्या बेटांवरून आणून इथे सीलांच्या कामाला जुंपले होते. कातड्याचा पैसा दूरच्या कंपन्यांना मिळत होता. कथेत सोटा धरणारा हात दिसतो, व्यापारी दिसत नाही. वर्गात वाचताना हे वाक्य गाळू नये, वाचावे आणि त्यावर बोलावे.

किनारा संपला की

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबरात सील किनारा सोडतात आणि कथा समुद्रात शिरते. इथून पुढे किपलिंगची माहिती संपते आणि कल्पना सुरू होते. त्याचा दोष नाही. त्या काळी सील पाण्यात गेला की काय करतो हे कोणालाच नीट माहीत नव्हते.

कथेत मात्का पिल्लाला बरोबर घेऊन जाते. दोघे आधी पॉरपॉइजच्या (मराठीत याला शिंशुक असेही लिहितात) कळपामागे जातात, कारण तो शहाणा आणि वाटा जाणणारा. मग आई एकेक धडा देते: कॉड मासा कसा पकडायचा, पाण्याबाहेर उडी कशी मारायची, उडणाऱ्या माशांच्या नादी का लागायचे नाही. वाचायला फार गोड. वर्गात इथेच सातपाटीहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, गादापण असंच करतो. पिल्लू कायम आईच्या कुशीला लागून. पप्पांनी दाखवलंय."

कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिनला गादा म्हणतात. मुलीने नकळत कथेच्या वर्मावर बोट ठेवले. कारण हे वर्णन डॉल्फिनचेच आहे, सीलचे नाही. आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारा मदारी पाठीचा डॉल्फिन (सूसा प्लंबिया) पिल्लाला दोन वर्षांहून अधिक काळ जवळ ठेवतो. त्या काळात पिल्लू शिकार, वाटा, सोबती सगळे शिकते. फर-सीलचे बालपण असे नसते. सुमारे चार महिने दूध पाजले की आई एक दिवस समुद्रावर जाते ती परत येत नाही, किंवा पिल्लूच आधी निघून जाते. कोणी वाट दाखवत नाही. पिल्लांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रे चिकटवून पाहिले तेव्हा कळले की दूध तुटलेली पिल्ले एकेकटी नोव्हेंबरच्या वादळांत अल्यूशियन बेटांच्या खिंडींतून पॅसिफिकमध्ये शिरतात आणि वेगवेगळ्या दिशांना पांगतात. पुष्कळशी पहिल्या दोन वर्षांत मरतात. उरतात ती काही वर्षांनी बहुधा जन्माच्याच बेटावर परत येतात. त्यांना हे शिकवले कोणी?

म्हणजे किनाऱ्यावर एकमेकांना खेटून, भांडून, लाखोंच्या गर्दीत राहणारा हा प्राणी समुद्रात बहुतेक एकटा असतो, फार तर दोघे-तिघे. वर्षातले सात-आठ महिने असे जातात. प्रौढ माद्या आणि तरुण सील कॅलिफोर्नियापर्यंत दक्षिणेला उतरतात, प्रौढ नर बरेचसे उत्तरेलाच राहतात. ज्यांची उन्हाळ्यात एकाच खडकावर गाठ पडते ते हिवाळ्यात एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असतात. कोटिक मात्र पहिल्याच वर्षी विषुववृत्त ओलांडून चिलीजवळच्या हुआन फर्नांदेस बेटांपाशी लोळत पडलेला दाखवला आहे. तिथे फर-सील आहेत, पण ते वेगळ्या जातीचे, तिथलेच रहिवासी. उत्तरेचा फर-सील तिकडे जात नाही.

समुद्रातले हे जीवन माहीत कसे झाले, ती गोष्ट शिक्षकांच्या फार उपयोगाची आहे. १९६०च्या दशकात जेराल्ड कूइमन या तरुण संशोधकाने अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलच्या पाठीवर एक यंत्र बांधले. सील किती वेळात किती खोल जातो हे ते काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढून नोंदवी, आणि ती काच फिरवायला त्याने स्वयंपाकघरातले वेळ लावायचे घड्याळ वापरले होते! पुढे त्याने आणि रॉजर जेन्ट्रीने अशीच सुधारलेली यंत्रे फर-सीलच्या माद्यांना लावली. १९८६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, त्यात जमिनीवरची आई आणि समुद्रातली आई यांची पहिल्यांदा सांगड बसली. काही माद्या रात्री उथळ बुड्या मारतात, कारण अंधार पडल्यावर त्यांचे भक्ष्य वर येते. काही दोनशे मीटरच्या आसपास खोल जातात. कोटिकच्या आईचा धडा दहा 'फॅदम', म्हणजे जेमतेम अठरा मीटर खोलीचा होता.

झोपेचा प्रश्न मुले हमखास विचारतात. सहा महिने जमिनीला पाय लागत नाही, मग झोपतो कुठे? कथेत मात्का पिल्लाला उताणे पडून, नाक पाण्याबाहेर ठेवून झोपायला शिकवते. हे सत्याच्या बरेच जवळ आहे. खरा फर-सील कुशीवर पडतो, तीन पाय पाण्याबाहेर धरतो आणि चौथा, पुढचा वल्ह्यासारखा पाय, हळूहळू हलवत राहतो. त्या वेळी त्याचा अर्धाच मेंदू झोपलेला असतो. हलणाऱ्या पायाचे नियंत्रण करणारा अर्धा जागा असतो. जमिनीवर आल्यावर मात्र तो आपल्यासारखा संपूर्ण मेंदूने झोपतो. हत्ती-सीलची तऱ्हा आणखी निराळी. तो शेकडो मीटर खोल जाऊन, गिरक्या घेत खाली घसरत असताना काही मिनिटे झोपतो आणि दिवसाकाठी सरासरी दोनच तास झोप घेतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे ऐकून शेवटच्या बाकाने फर-सीलची पद्धत लगेच आत्मसात केल्याचे आमच्या लक्षात आले आहे.

कथेने न पाहिलेले संकट

इथवरच्या चुका काळाच्या आहेत. पुढची गोष्ट तशी नाही, आणि आमचा आक्षेप आहे तो इथे.

'द व्हाइट सील' प्रथम छापली गेली ऑगस्ट १८९३ मध्ये, एका इंग्रजी मासिकात. त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १८९३ रोजी, पॅरिसमध्ये एका आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल लागला. वाद होता याच सीलांचा! अमेरिकेची तक्रार अशी की कॅनडाच्या नावा भर समुद्रात सील मारतात. ब्रिटनचे म्हणणे, मोकळा समुद्र कोणाच्या मालकीचा नाही. निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. फक्त बेटांभोवती साठ मैलांचे क्षेत्र आणि मे ते जुलैची बंदी एवढे ठरले.

भर समुद्रातली ही शिकार किनाऱ्यावरच्या शिकारीपेक्षा घातक का? किनाऱ्यावर तरुण नर वेगळे काढता येत. एक नर अनेक माद्यांना पुरत असल्याने थोडे तरुण नर कमी झाले तरी वसाहत टिके. पाण्यात मात्र नर-मादी ओळखता येत नाही, आणि अन्न शोधायला बाहेर पडलेल्या असतात त्या आयाच. एक आई मारली की किनाऱ्यावर तिची हाक ऐकायला बसलेले पिल्लू उपाशी मरे, आणि तिच्या पोटातला पुढच्या वर्षीचा गर्भही जाई. मारलेले कित्येक सील बुडून जात ते वेगळेच. वसाहत खरी मोडली ती या शिकारीने.

कथेत याचा उल्लेख शोधायला गेलो तर अर्धे वाक्य सापडले. मात्का पिल्लाला बजावते की बोटीजवळ थांबू नकोस, विशेषतः वल्हवायच्या होडीजवळ. समुद्रातले शिकारी अशाच लहान होड्यांतून येत. म्हणजे लेखकाला हे ठाऊक होते. तरी कथेचा सगळा संताप किनाऱ्यावर, सोट्यांवर, डोळ्यांना दिसणाऱ्या रक्तावर खर्च झाला आहे. म्हणून कथेतला उपायही किनाऱ्याचाच, माणूस न येणारी जागा. पण सील वर्षातले चार महिने किनाऱ्यावर आणि आठ महिने समुद्रात असतो. भुयारापलीकडच्या त्या किनाऱ्यावरूनही मात्काला दर आठवड्याला मासे धरायला बाहेर यावेच लागले असते, आणि बाहेर होड्या होत्याच.

खरा उपाय निघाला तो कागदावर. ७ जुलै १९११ रोजी अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी करार करून भर समुद्रातली शिकार बंद केली. हा करार व्हावा म्हणून वर्षानुवर्षे धडपडणाऱ्यांत तोच एलियट होता. किपलिंगने ज्याची माहिती घेतली, त्याची पुढची लढाई मात्र कोणाच्या गोष्टीत आली नाही. करारानंतर सील पुन्हा वाढले. सेंट पॉलवरची व्यापारी शिकार १९८४ मध्ये थांबली. गंमत म्हणजे त्यानंतर तिथले सील पुन्हा घटत चालले आहेत. सोटा नाही, तरी घट! अन्नाची उपलब्धता, मासेमारी, बदलता समुद्र अशा कारणांचा शोध चालू आहे, आणि ती बहुतेक पाण्यातली आहेत.

नेत्याचा प्रश्नही असाच. कोटिक सर्वांना मारून-झोडून नव्या किनाऱ्यावर नेतो. खऱ्या सीलांनीही नवा किनारा शोधला आहे. अल्यूशियन रांगेतल्या बोगोस्लोफ या ज्वालामुखी बेटावर १९८० मध्ये पहिल्यांदा फर-सीलची पिल्ले दिसली आणि पुढे तिथे मोठी वसाहत झाली. २०१६-१७ मध्ये त्या बेटाचा उद्रेक होत राहिला, तरी सील आले. त्यांना कोणी नेले नाही. एकेकटे, चुकतमाकत, जिथे जवळ मासे मिळाले तिथे ते थांबले. पुढारी शहाणा आणि बाकीचे मूर्ख, असा कथेचा सूर वर्गात जसाच्या तसा जाऊ देऊ नये, असे आम्हाला वाटते.

आपला किनारा

भारताच्या किनाऱ्यावर सीलची वस्ती नाही. मग केळवे-सातपाटी-चिंचणीच्या मुलांना सीलचे काय, असे सहकाऱ्यांनी विचारलेच. आमचे उत्तर असे की किपलिंगने जे केले तेच आपण करत आलो आहोत. समुद्रातला सस्तन प्राणी आपल्याला दिसतो तो मेल्यावर, वाळूवर. पावसाळ्यात एखादा डॉल्फिन वाहून येतो, गर्दी होते, छायाचित्र छापून येते, वन विभागाचे लोक पंचनामा करतात. 'मोठा मासा लागला' म्हणून मुले सांगत येतात. तो जिवंत असताना कुठे होता, कोणाबरोबर होता, कशाने मेला, हे कोणी विचारत नाही.

आपल्या उथळ समुद्रात दोन शेजारी प्रामुख्याने आहेत. एक वर सांगितलेला मदारी पाठीचा डॉल्फिन. तो किनारा धरून, थोड्या खोलीच्या पाण्यात, लहान गटांत राहतो. गटातले सोबती बदलत राहतात. आज चौघे, उद्या त्यातले दोघे दुसऱ्यांबरोबर. कोळ्यांचे त्याच्याशी फारसे सख्य नाही, कारण तो जाळ्यातले मासे ओढतो आणि जाळे फाडतो. दुसरा बिनपराचा पॉरपॉइज: जेमतेम दीड मीटरचा, पाठीवर पर नाही, तोंडाला चोच नाही, उड्या मारत नाही. श्वासापुरता वर येतो आणि जातो. कथेत कोटिकला वाट दाखवणाऱ्या त्या शहाण्या पॉरपॉइजचा हा नातलग आपल्या दाराशी राहतो आणि त्याला क्वचितच कोणी पाहते. जागतिक यादीत पहिला संकटग्रस्त आणि दुसरा असुरक्षित गणला जातो. दोघांनाही १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दोघांचा घात होतो तो जाळ्यात अडकून, श्वासासाठी वर येता न आल्याने. भर समुद्रात, कोणाला न दिसता.

लांबच्या प्रवासाचेही एक उदाहरण अरबी समुद्रातच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ 'लुबान' नावाच्या हंपबॅक देवमाशाच्या मादीला उपग्रह-यंत्र लावले. डिसेंबरअखेरीस ती समुद्र ओलांडून गोव्याजवळ होती, पुढे कन्याकुमारीपर्यंत गेली. कोणाही किनाऱ्यावरच्या माणसाला याचा पत्ता लागला नसता.

दिसत नाही ते नाही, असे धरले की त्याचे परिणाम होतात. डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध ठरला आहे. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले जाते; त्यात आम्ही इथे शिरत नाही. पण पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि डॉल्फिन व पॉरपॉइज कानांनी पाहतात, एवढे विज्ञान तर आठवीच्या पुस्तकाशी जोडता येते. आधी इथे काय होते याची नोंद नसेल, तर नंतर काय गेले हे सांगणार कसे?

नोंद ठेवणारी माणसे आपल्या वर्गांतल्या मुलांच्या घरी आहेत. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे काढली जातात. म्हणजे पाण्यातला जिवंत प्राणी नोंदवण्याची सवय बोटींवर रुजू लागली आहे. आम्ही एक साधी वही सुरू केली: तारीख, तिथी, भरती की ओहोटी, किती दिसले, पिल्लू होते का, कोणत्या दिशेला गेले. तारखेबरोबर तिथी मुद्दाम, कारण कोळ्यांच्या घरी पाण्याचा हिशेब तिथीवर चालतो. वही पश्चिमेकडच्या गावांतली मुले भरतात. पूर्वेकडच्या पाड्यांवरून येणारी मुले आणि वसाहतीतली मुले त्या नोंदी नकाशावर मांडतात. आठवड्याला एखादी नोंद येते, कधी तीही नाही.

सातपाटीच्या त्या मुलीने वडिलांना विचारून पहिली नोंद आणली: पंचमी, सकाळ, तीन गादे, त्यातले एक पिल्लू, 'वर' गेले. वर म्हणजे कुठे, असे आम्ही विचारले. "गुजरातकडं," ती म्हणाली. ते पाण्याच्या ओढीबरोबर गेले की ओढीविरुद्ध, हे लिहायचे राहून गेले. पुढच्या खेपेला तेवढे विचारून यायला सांगितले आहे.